ब्रिटनमध्ये घर बदलण्याचा विचार असताना मॉर्गेजचा फिक्स किती वर्षांचा घ्यावा : अटी, अर्ज आणि कागदपत्रे

भारतात बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास वैयक्तिक कर्जदाराला दंड लागत नाही, आणि ही सवय अंगी असल्यामुळे ब्रिटनमध्ये पहिले घर घेणारी मराठी कुटुंबे दराकडे बघतात, मुदतीकडे बघत नाहीत. तेथे गृहकर्जाचा (मॉर्गेजचा) व्याजदर बहुधा दोन, तीन, पाच किंवा दहा वर्षांसाठी स्थिर (फिक्स) केला जातो आणि त्या मुदतीत कर्ज फेडल्यास सहसा अर्ली रिपेमेंट चार्ज, म्हणजे मुदतीपूर्व फेडीचा आकार, द्यावा लागतो. घर विकणे म्हणजेही कर्ज फेडणेच.

पाच वर्षांच्या फिक्सवर हा आकार अनेकदा पहिल्या वर्षी ५ टक्क्यांच्या आसपास असतो आणि पुढे दरवर्षी उतरत जातो. समजा, तिसऱ्या वर्षी तो ३ टक्के आहे आणि २,५०,००० पौंड कर्ज शिल्लक आहे, तर घर विकताना ७,५०० पौंड भरावे लागतील. उलट दोन वर्षांच्या फिक्सचा दर ०.२ टक्क्याने महाग असला, तर त्याच रकमेवर वर्षाला सुमारे ५०० पौंडच जास्त जातात. म्हणून दोन-तीन वर्षांत घर बदलणे जवळजवळ ठरलेले असेल, तर लहान मुदत किंवा असा आकार नसलेले ट्रॅकर कर्ज (ज्याचा दर बँक ऑफ इंग्लंडच्या दराबरोबर बदलतो) घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. फिक्स नेमका कोणत्या तारखेला संपतो आणि कोणत्या वर्षी किती आकार लागतो, हे कर्जदात्याने दिलेल्या इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे कर्जाच्या तपशीलपत्रात, छापलेले असते. सही करण्यापूर्वी तेवढा भाग तरी वाचावा.

‘हे कर्ज पोर्टेबल आहे’ या आश्वासनावर मात्र फार विसंबू नये. पोर्टिंगमध्ये जुना दर नव्या घराकडे नेता येतो, पण त्यासाठी अर्ज नव्यानेच करावा लागतो : उत्पन्न, खर्च आणि पत यांची पुन्हा तपासणी होते, नव्या घराचे मूल्यांकन होते आणि अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. दरम्यान नोकरी सुटली असेल किंवा पाळणाघराचा खर्च वाढला असेल, तर अडचण येते ती येथेच. जास्तीचे कर्ज हवे असल्यास त्या भागाला त्या वेळचा दर लागतो आणि त्याची फिक्स मुदत वेगळ्या तारखेला संपू शकते. कर्ज कमी घेतल्यास फेडलेल्या रकमेवर आकार पडू शकतो.

अर्जासोबत सामान्यतः पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, पी ६० (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा मालकाचा दाखला), तीन महिन्यांची बँक विवरणे आणि घरासाठी स्वतः भरायच्या रकमेचा उगम दाखवणारे कागद मागितले जातात. ही रक्कम आईवडिलांनी भारतातून पाठवली असेल, तर ती भेट असल्याचे त्यांचे सहीचे पत्र आणि पैसे आल्याची बँकनोंदही लागते. स्वयंरोजगार असल्यास बहुधा दोन वर्षांचे एसए ३०२ (उत्पन्न आणि त्यावरील कराचा हिशोब) आणि करवर्षाचा गोषवारा द्यावा लागतो. व्हिसावर राहणाऱ्यांनी ई-व्हिसाचा शेअर कोड (ज्यावरून कर्जदात्याला व्हिसा ऑनलाइन तपासता येतो) तयार ठेवावा. व्हिसाची उरलेली मुदत आणि स्वतःची रक्कम यांबाबत प्रत्येक कर्जदात्याचे निकष निराळे असतात.

जुने घर आधी विकले गेले आणि नवे उशिरा ताब्यात आले, तर काही कर्जदाते आधी आकार घेतात आणि ठरावीक दिवसांत नवे कर्ज सुरू झाल्यास तो परत करतात. ही मुदत किती दिवसांची आहे, हे घर विक्रीला काढण्यापूर्वीच त्यांच्याकडून लेखी मागून घ्यावे.