शिक्षेपलीकडील कैद

न्यायालयाने दिलेली मुदत संपूनही माणसाला कारागृहात ठेवणे म्हणजे शिक्षेपलीकडील कैद. अमेरिकेच्या काही राज्यांत आणि जर्मनीत धोकादायक गुन्हेगारांना पुढेही डांबण्याचे कायदे आहेत. कॅन्सस राज्याचा असा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये वैध ठरवला. भारतातल्या फौजदारी कायद्यात अशी तरतूद नाही. इथे माणूस अडकतो तो कागदापायी, आणि ते जास्त लाजिरवाणे आहे.

यवतमाळच्या जिल्हा कारागृहात कच्चा कैदी म्हणून काढलेले महिने शिक्षेतून वजा व्हायलाच हवेत. पण शिक्षा लागल्यावर माणसाची रवानगी अमरावती किंवा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात झाली आणि वॉरंटवर, म्हणजे न्यायालयाने कारागृहाला पाठवलेल्या शिक्षेच्या आदेशावर, त्या महिन्यांची नोंद राहून गेली, तर सुटकेची तारीखच चुकते. दंडाचा घोळ याहून वाईट. दंड न भरल्याबद्दलची कैद मूळ शिक्षेनंतर सुरू होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 8 प्रमाणे रक्कम भरताच ती संपते, थोडी भरली तरी त्या प्रमाणात घटते. हे घरच्यांना कोणी सांगत नाही. सीतादही, म्हणजे कापूस वेचणी सुरू करतानाची पूजा, होऊन पहिल्या वेच्याचा कापूस विकला, तरी बाप पूर्ण रक्कम जुळायची वाट पाहतो. तोवर पोरगा आतच.

जन्मठेपेबद्दल गावात म्हणतात, ‘चवदा वर्सं झाले, आता सुटते.’ तसे नाही. गोपाळ विनायक गोडसे प्रकरणातल्या 1961 च्या निकालानुसार जन्मठेप म्हणजे आयुष्यभर. उरलेल्या शिक्षेची माफी मागता येते, हक्काने मिळत नाही. मात्र निकालातच 20 वर्षांची ठाम मुदत असेल तर ती संपताच सोडायला हवे, माफीच्या आदेशाची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये सुखदेव यादव प्रकरणात ठरवले. मुदत संपूनही कोणी आत आहे का, हे तपासायला सगळ्या राज्यांना सांगितले.

दाद मागायची ती बंदी प्रत्यक्षीकरण याचिकेने, म्हणजे बेकायदा कोंडलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणून सोडवण्याच्या अर्जाने, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात. ती नातलग किंवा मित्रही करू शकतो. भरपाईची वाट बिहारच्या रुदुल साह प्रकरणाने 1983 मध्ये मोकळी केली: निर्दोष सुटल्यावरही तो 14 वर्षे तुरुंगात होता. छत्तीसगडच्या एका बंद्याला 2022 मध्ये साडेसात लाख रुपये मिळाले.

सिरोंच्याहून नागपूर 300 किलोमीटरहून लांब. म्हणून आधी गडचिरोलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; कोठडीतल्या माणसाला मिळकत न पाहता मोफत वकील मिळतो. सोबत निकालाची प्रत, अटकेची तारीख आणि दंड भरला असल्यास त्याची पावती न्यावी.