ड्राफ्टसाठी कॉलेजचा खेळाडू जोखायचा कधी? थोडी पार्श्वभूमी

ड्राफ्ट म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या प्रोफेशनल लीगमधल्या (एनएफएल) टीमनी राउंडमागून राउंड, आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडणं. मॉक ड्राफ्टचा, म्हणजे कोण कितव्या नंबरला जाईल या अंदाजांचा, सीझन आला की सगळा वाद दोनच गोष्टींवर होतो, चाळीस यार्ड किती सेकंदात पळाला आणि कुठल्या राउंडला जाणार. पण तो पोरगा त्या दिवशी किती वर्षांचा आहे, कॉलेजात किती सीझन खेळलाय, आणि स्काउटला (टीमसाठी खेळाडू हेरणाऱ्याला) त्याच्याकडे नीट बघायला किती महिने मिळाले, हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते १९९० पासून खेळाडू जोखण्याच्या कामात सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती याच प्रश्नामुळे, स्टॉपवॉचमुळे नाही. म्हणून जुना इतिहास भराभर उरकतो आणि कॉलेजच्या पोराला ड्राफ्टला कधी येता येतं त्या अटीवर जरा जास्त वेळ थांबतो.

पहिला ड्राफ्ट १९३६ चा, फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात, ९ टीम, ९ राउंड, एकूण ८१ निवडी. स्काउटिंग डिपार्टमेंट नावाचा प्रकारच तेव्हा कुणाकडे नव्हता, पेपरात आलेली नावं, ऑल-अमेरिका याद्या (वर्षातले सर्वोत्तम कॉलेज खेळाडू) आणि ओळखीच्या कोचने टाकलेला शब्द यावर काम चालायचं. पहिल्याच नंबरला निवडलेला शिकागो विद्यापीठाचा हाफबॅक (बॉल घेऊन पळणारा) प्रोफेशनल फुटबॉलची एक मॅचसुद्धा खेळला नाही, पैशांचं जमलं नाही म्हणून. पुढे महायुद्ध संपल्यावर लॉस एंजेलिसच्या टीमने फक्त खेळाडू बघत गावोगाव फिरणारा पूर्णवेळ माणूस ठेवला, आणि १९४९ मध्ये त्याच टीमने लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातला एक फुलबॅक साइन केला जो कुणी ड्राफ्टच केला नव्हता. अशा कॉलेजांकडे बाकीच्या टीम कितीतरी वर्षं बघतही नव्हत्या आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. पिट्सबर्गने त्या कॉलेजांचं फुटबॉल वर्षानुवर्षं कव्हर केलेल्या एका पत्रकारालाच स्काउट म्हणून घेतलं, आणि १९७४ च्या एकाच ड्राफ्टमध्ये त्यांना पुढे हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मानयादीत) गेलेले चार खेळाडू मिळाले, त्यातला एक रिसीव्हर (पास झेलणारा) अलाबामा ए अँड एम मधला, तोही चौथ्या राउंडला.

मधे एक किस्सा आपल्या लोकांना माहीत असायला हवा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसच्या टीमने ठरवलं की स्काउटचं मत कॉम्प्युटरमध्ये घालायचं, आणि कॉम्प्युटर कंपनीकडून त्यांच्या वाट्याला जो संख्याशास्त्रज्ञ आला तो भारतातून अमेरिकेत गेलेला होता, अमेरिकन फुटबॉलशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आणि मला वाटतं तेच बरं झालं. कारण स्काउट काय लिहायचे, तर पोरगा जिगरबाज आहे, मांजरासारखा चपळ आहे, असलं. याने विचारलं की हे मोजायचं कसं. मग कोच आणि स्काउट यांच्याशी बोलून बोलून शेवटी पाच गुण काढले: स्वभाव, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, झुंजार वृत्ती, डोकं किती तल्लख, आणि ताकद. प्रत्येक गोष्टीला १ ते ९ मार्क. दोन स्काउटनी एकाच पोराला वेगळे मार्क दिले तर कुठला स्काउट नेहमीच हात सैल सोडतो आणि कुठला कंजूस आहे हेसुद्धा मग आकड्यांत दिसायला लागलं. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमसुद्धा खर्चात भागीदार झाल्या. आज जे ग्रेड आपण वाचतो त्यांचा सांगाडा बऱ्यापैकी तिथलाच आहे.

त्याच सुमारास काही टीमनी एकत्र येऊन स्काउटिंगचे सामाईक गट काढले, खर्च वाटून घ्यायचा आणि रिपोर्ट सगळ्यांनी वापरायचे. यांचं वेळापत्रक महत्त्वाचं आहे. पोरगा तिसरं वर्ष संपवून चौथ्यात जाणार त्या वसंतात पहिला रिपोर्ट: उंची, वजन, चाळीस यार्ड, सुरुवातीचा ग्रेड. मग शरद ऋतूत सीझन चालू असताना कॉलेजला चकरा, कोचशी गप्पा, प्रॅक्टिस बघणं, ट्रेनरला गुडघ्याबद्दल विचारणं. मग जानेवारीत सीनियर खेळाडूंच्या प्रदर्शनीय मॅच. म्हणजे ड्राफ्टच्या दिवशी स्काउटच्या हातात जवळजवळ वर्षभराची ओळख असायची. सगळी इमारत उभी होती एका गृहीतकावर, की पोरगा चार वर्षं कॉलेजात राहणारच.

कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधी सगळ्या टीमसमोर खेळाडूंची होणारी एकत्रित तपासणी, त्यातच आलं. १९८२ मध्ये टॅम्पाला पहिलं मोठं शिबिर झालं, १९८५ ला वेगवेगळी शिबिरं एकत्र केली आणि १९८७ पासून ते इंडियानापोलिसला आहे. टीव्हीवर पळापळ दिसते, पण सुरू केलं ते मुख्यतः डॉक्टरी तपासणीसाठी, प्रत्येक टीमने त्याच पोराला वेगवेगळं बोलावून एक्सरे काढण्यापेक्षा सगळ्यांनी एकदाच बघावं म्हणून. एका खोलीत कागदी चड्डी घालून बसलेला पोरगा, आणि एकामागून एक टीमचे डॉक्टर येऊन तोच खांदा, तोच गुडघा वाकवून, ओढून बघतात, मग पुढच्या खोलीत परत तेच. शेतकरी बैल घेताना दात बघतो तसं सगळं शरीर बघितलं जातं. उंची लिहायची पद्धतही खास आहे, रिपोर्टमध्ये ६०२१ दिसलं तर समजायचं सहा फूट, दोन इंच आणि एक अष्टमांश. चाळीस यार्डाचं म्हणाल तर तिथली वेळसुद्धा पूर्ण इलेक्ट्रॉनिक नसते, खेळाडू हलला की माणूस बटण दाबतो आणि शेवटच्या रेषेवरचा प्रकाशकिरण तुटला की घड्याळ थांबतं, म्हणून कॉलेजच्या मैदानावर हाताने घेतलेल्या वेळेशी तिची तुलना करताना जपून.

आता मूळ मुद्दा. कॉलेज सोडून लगेच प्रोफेशनलकडे येऊ नये ही अट ड्राफ्टपेक्षा जुनी आहे. १९२५ मध्ये इलिनॉयचा एक प्रचंड गाजलेला हाफबॅक कॉलेजची शेवटची मॅच झाली आणि लगेच शिकागोच्या टीमकडून मैदानात उतरला, त्यावर कॉलेजवाले इतके खवळले की लीगने नियमच केला, पोराच्या बॅचचं ग्रॅज्युएशन होईपर्यंत त्याला घ्यायचं नाही. म्हणजे ही अट आली ती कॉलेजांची मर्जी राखायला. पुढे या अटीला 'पोरांच्या भल्यासाठी' असं लेबल लागलं तेव्हा ही गोष्ट लोक सोयीने विसरले.

१९८३ मध्ये एका प्रतिस्पर्धी लीगने जॉर्जियाचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) तिसऱ्या वर्षानंतर उचलला आणि कोर्टात अट टिकेल की नाही याची धाकधूक सुरू झाली. १९८९ ला ओक्लाहोमा स्टेटचा रनिंग बॅक, ज्याने ११ मॅचमध्ये २,६२८ यार्ड काढले होते, त्याच्या कॉलेजवर कारवाई झाल्यावर त्याला अपवाद म्हणून आत घेतलं आणि डेट्रॉइटने तिसऱ्या नंबरला निवडलं. आणि १९९० च्या फेब्रुवारीत लीगने दार उघडलंच: हायस्कूल संपून तीन सीझन झाले असतील तर या. कोर्टात हरण्यापेक्षा आपणच नियम सैल केलेला बरा असा तो हिशोब होता, असं मला तरी स्पष्ट दिसतं.

स्काउट लोकांची त्या वर्षी काय धांदल झाली असेल विचार करा. ड्राफ्टला दोन-अडीच महिने राहिलेत, आणि ज्यांच्यावर एक ओळ लिहिलेली नाही असे पोरगे यादीत वर येऊन बसले. पहिला नंबरच ज्युनियरला (तिसऱ्या वर्षाच्या पोराला) गेला, इलिनॉयच्या क्वार्टरबॅकला (पास फेकणारा), पाचव्या नंबरला यूएससीचा (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) लाइनबॅकर (बचावातला खेळाडू), तोही ज्युनियर. आणि फ्लोरिडाचा एक ज्युनियर रनिंग बॅक, वेग कमी, अंगाने लहान म्हणून घसरत घसरत १७ वर गेला, आणि नंतर त्याने १८,३५५ यार्ड काढले, आजही लीगचा रेकॉर्ड आहे. वर्षभर त्याला मैदानावर बघणारा स्काउट असता तर तो १७ पर्यंत राहिला असता का? मला नाही वाटत. घड्याळावरचा आकडा तेव्हाच जास्त बोलतो जेव्हा डोळ्यांनी बघितलेलं कमी असतं.

मग आलं २००४ चं प्रकरण, आणि यावर मी गप्प बसू शकत नाही. ओहायो स्टेटचा रनिंग बॅक, पहिल्याच वर्षी, २००२ च्या सीझनला, १,२३७ यार्ड आणि टीम नॅशनल चॅम्पियन, फायनल डबल ओव्हरटाइमला गेलेली. दुसऱ्या वर्षी कॉलेजने सस्पेंड केलं. कॉलेज खेळू देत नाही, लीग घेत नाही. मग त्याने कोर्टात दावा लावला की ही तीन वर्षांची अट म्हणजे बाजार अडवणं आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये खालच्या कोर्टाने त्याची बाजू धरली. ते बघून यूएससीचा एक रिसीव्हर, तोही दोनच वर्षं खेळलेला, ड्राफ्टला उभा राहिला आणि एजंटही केला, म्हणजे कॉलेजात परत खेळायची वाट बंद. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या तोंडावर वरच्या कोर्टाने स्थगिती दिली आणि मे महिन्यात सविस्तर निकाल आला, अट कायम. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश पुढे सुप्रीम कोर्टात गेल्या.

कारण काय दिलं, तर कुणाला आत घ्यायचं हा लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्या वाटाघाटीचा विषय आहे, आणि असे मुद्दे बाजारपेठेच्या कायद्याखाली येत नाहीत. गंमत म्हणजे अट मूळ करारात लिहिलेली नव्हती, लीगच्या स्वतःच्या घटनेत होती, तरी चाललं. आणि ज्याच्यावर ती लागू होते तो पोरगा तर युनियनचा मेंबरच नाही, त्याच्या वतीने तिथे कोण भांडणार? युनियनमध्ये बसलेल्या तिशीच्या खेळाडूला विशीच्या पोराने लवकर येऊन आपली जागा घ्यावी असं का वाटेल? कायद्याने निकाल बरोबर असेल, त्यात मी शिरत नाही, न्याय झाला असं मात्र मला आजही वाटत नाही. शरीर तयार नसतं हे लीगचं म्हणणं लाइनमध्ये खेळणाऱ्या पोराबाबत पटतं, १९ व्या वर्षी समोरच्या १४० किलोच्या माणसाला थोपवणं खायचं काम नाही. पण रनिंग बॅकची उमेदीची वर्षं मोजकी असतात आणि त्यातली दोन-तीन तो तेव्हा कॉलेजला फुकट देत होता.

आणि जोखण्याच्या दृष्टीने तर हा सगळाच घोळ. २००५ ला हे दोघं ड्राफ्टला आले तेव्हा रिसीव्हरची अख्खा सीझन मॅच नाही, रनिंग बॅकची दोन सीझन नाही. टेप (मॅचचं रेकॉर्डिंग) जुनी, पोरगा बदललेला, आणि मधल्या काळात त्याने काय केलं याच्या फक्त बातम्या. रिसीव्हर दहाव्या नंबरला गेला, करिअर काही बहरलं नाही. रनिंग बॅकची कम्बाइनमधली वेळ त्याच्या पोझिशनच्या मानाने फारच हळू आली, तरी डेन्व्हरने १०१ व्या नंबरला घेतला आणि सीझन सुरू व्हायच्या आधी ऑगस्टमध्ये सोडला. लीगमध्ये एकही मॅच नाही. लोक म्हणतात बघा, स्काउट बरोबर होते, तयार नव्हताच. अरे पण २००३ च्या एप्रिलमध्ये, चॅम्पियन झाल्यावर तीन महिन्यांनी, तो कसा होता हे जोखायची संधी कुणाला मिळाली?

पुढचं सगळं पैशाने ठरवलं. २०१० पर्यंत पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक सहा वर्षांचे ७८ मिलियन डॉलर घेऊन जायचा, २०११ च्या नव्या करारात नवख्यांचे पगार ठरवून टाकले आणि पुढच्या वर्षीचा पहिला नंबर चार वर्षांच्या २२ मिलियनवर आला. खरी कमाई दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणून एक वर्ष लवकर निघालेलं बरं असा हिशोब पोरांनी केला, आणि २०१४ पर्यंत लवकर येणाऱ्यांचा आकडा शंभराच्या आसपास गेला. कित्येकांना कुणी निवडलंच नाही आणि कॉलेजात परत जायची वाटही बंद. सल्ला द्यायला लीगची समिती होती, पोराला आधीच सांगायची कुठल्या राउंडला जाशील, पण खालच्या राउंडचा अंदाज ऐकूनही पोरं उडी मारायची. म्हणून २०१४ मध्ये उत्तरं तीनच ठेवली: पहिला राउंड, दुसरा राउंड, नाहीतर कॉलेजात थांब. इथे एक गोंधळ नेहमी होतो तो सांगून ठेवतो. समितीचं उत्तर किंवा मॉक ड्राफ्ट म्हणजे पोरगा कुठे जाईल याचा अंदाज, टीमचा ग्रेड म्हणजे तो किती चांगला आहे याचं मत. ३२ जण पहिल्या राउंडला जातात म्हणून टीमच्या बोर्डावर (खेळाडूंच्या क्रमवार यादीत) पहिल्या राउंडच्या लायकीचे ३२ असतातच असं नाही, बऱ्याचदा बरेच कमी असतात.

आणि जुलै २०२१ पासून काटा उलट फिरला. आता कॉलेजात राहून स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरेतून) पैसे मिळतात, २०२५-२६ पासून तर कॉलेज स्वतः खेळाडूंना वर्षाला एकूण २०.५ मिलियनपर्यंत वाटू शकतं. त्यात कोविडमुळे मिळालेलं जादा वर्ष आणि कॉलेज बदलायची सवलत. तिसऱ्या-चौथ्या राउंडच्या पोराला घाई करायचं कारणच उरलं नाही. म्हणून २०२४ ला आठव्या नंबरचा क्वार्टरबॅक सहा वर्षं कॉलेजात काढून आलेला, आणि बाराव्या नंबरचा ६१ मॅच सुरुवातीपासून खेळून, जो तेव्हा क्वार्टरबॅकसाठी कॉलेजचा रेकॉर्ड होता. पूर्वी स्काउटची तक्रार असायची की टेप कमी आहे, आता टेप भरपूर आहे पण २४ वर्षांचा माणूस १९ च्या पोरांना लोळवतोय, यातलं कौशल्य किती आणि वयाचा फायदा किती, हे सोडवायचं. कितीतरी टीम आता खेळाडू अमुक वयात कसा खेळत होता हा कॉलम वेगळा ठेवतात, विसाव्या वर्षी चमकलेल्याला जास्त वजन देतात.

तीन वर्षांची अट मात्र जशीच्या तशी आहे. लीग आणि युनियनमधला सध्याचा करार २०३० च्या सीझनपर्यंत चालतो, आणि आता कॉलेजातच पैसे मिळत असल्यामुळे त्या अटीविरुद्ध कोर्टात जायची गरज वाटणारा पोरगा पूर्वीसारखा सहज सापडत नाही.