स्पीच थेरपीकडे गिळण्याचा प्रश्न कसा आला

स्पीच थेरपी म्हटले की तोतरे किंवा बोबडे बोलणारे मूल आठवते. घास गिळता न येणाऱ्या रुग्णालाही याच उपचारकांकडे पाठवतात, हे बहुतेक घरांत वेळ आल्यावरच कळते.

१८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न्य नावाचा रुग्ण पॉल ब्रोका या सर्जनपुढे आला. समोरचा काय म्हणतो ते त्याला बरेचसे कळे. बोलायला गेला की मात्र ‘तां’ एवढेच बाहेर पडे. तो दगावल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा दिसली. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नसते. या शास्त्रातली ही सर्वांत मोलाची जाणीव, आणि लकवा आलेल्या माणसासमोर त्याच्याविषयी बोलणारे नातेवाईक आजही ती विसरतात.

उपचारांना पुढे वेग दिला तो महायुद्धांनी. डोक्याला जखम होऊन वाचा गेलेल्या सैनिकांना बोलते करायचे होते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी रशियाच्या उरल भागातल्या रुग्णालयात हेच काम केले. भारतात म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ची. मुंबईत नायर रुग्णालयातले प्रशिक्षणही त्याच दशकातले.

गिळण्याकडे लक्ष गेले ते फार उशिरा. खरे तर ओठ, जीभ, टाळू, घसा दोन्ही कामांना तेच. अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्ट जेरी लोगेमन यांनी रुग्णाला बेरियम (क्ष-किरणांत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेले पातळ आणि दाट पदार्थ, बेरियम लावलेले बिस्किट असे थोडे थोडे देऊन, गिळतानाची हलती चित्रे क्ष-किरणांखाली घेतली. १९८३ साली त्यांचे या विषयावरचे पुस्तक आले. अशा चित्रांत ठसका न लागताही पाणी श्वासनलिकेत उतरताना दिसते. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि ठसकाच नसल्याने घरच्यांना शंकाही येत नाही.

पाणी झरकन घशात उतरते; लकव्यानंतर स्वरयंत्र वर उचलले जाऊन श्वासाची वाट बंद व्हायला उशीर होतो. म्हणून काहींना पाण्यापेक्षा दाट पेज सोपी जाते. आडव्या पडलेल्या रुग्णाला मायेने चमचाभर पाणी पाजणे मात्र धोक्याचे. थेरपिस्ट आधी त्याला ताठ बसवतात, घोटानंतर आवाज ओला, घरघरता होतो का ते ऐकतात. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे काहींना मानवते, काहींना नाही. ते ज्याचे त्याचे तपासूनच ठरते.