दाहामागे दडलेला जिवाणू

डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, नजरेसमोर ठिपके तरंगणे आणि दृष्टी धूसर होणे ही युव्हिआयटिसची, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराच्या दाहाची लक्षणे होत. पुष्कळ रुग्णांत त्यामागे जंतुसंसर्ग नसतो आणि स्टिरॉइडने दाह आटोक्यात येतो. मात्र तो पुन्हापुन्हा उलटत असेल आणि रुग्णाला कित्येक वर्षांची सांधेदुखीही असेल, तर मुळात आतड्याच्या, पण सांधे आणि डोळ्यांपर्यंतही पोचणाऱ्या व्हिपल रोगाची शंका घ्यायला हवी.

या अतिशय दुर्मीळ रोगाचे पहिले वर्णन जॉर्ज व्हिपल या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने 1907 मध्ये केले. आतड्याच्या अस्तरात साठलेली चरबी पाहून त्याने हा चरबीच्या चयापचयाचा बिघाड असावा असे मानले. प्रत्यक्षात दोषी होता ट्रोफेरिमा व्हिपलाय हा जिवाणू, आणि तो प्रयोगशाळेत वाढवणे 2000 मध्ये कुठे साधले, कारण त्याची संख्या दुप्पट व्हायला त्या वेळी सुमारे 18 दिवस लागत होते.

त्याची खरी करामत आहे ती आपल्या भक्षक पेशींच्या आत. एरवी अशी पेशी जिवाणूला गिळते, त्याभोवती पिशवी तयार होते, पिशवी आम्लधर्मी होत जाते आणि शेवटी पाचक विकरांनी भरलेल्या दुसऱ्या पिशवीशी एकरूप होऊन जिवाणूचा फडशा पाडते. इथे आम्लता येते, पण पुढचा टप्पा अडतो. हा जिवाणू त्या आम्लातच तग धरतो, वाढतो, आणि ज्या पेशीने त्याला मारायचे तीच त्याचे घर बनते. स्टिरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, त्यामुळे लाली काही काळ ओसरते आणि जिवाणूला मात्र मोकळे रान मिळते.

या आतड्या-डोळ्याच्या नात्यावरून ‘पोट शुद्ध करा, दृष्टी सुधारेल’ असा प्रचार कोणी करील, तर तो निराधार आहे. हा जिवाणू कित्येक निरोगी माणसांच्या विष्ठेतही आढळतो; रोग होतो तो त्यांतल्या फार थोड्यांना.

निदानासाठी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा तुकडा तपासतात. परंतु पोटाची काहीच तक्रार नसताना केवळ डोळाच बाधित होऊ शकतो आणि आतड्याची तपासणी निर्दोष येऊ शकते. अशा वेळी डोळ्यातील काचाभ द्रवाचा, म्हणजे नेत्रगोलात भरलेल्या जेलीसारख्या पदार्थाचा नमुना घेऊन पीसीआर चाचणीने जिवाणूचा डीएनए शोधावा लागतो. उपचार प्रतिजैविकांचा असतो. एका उपचारपद्धतीत डॉक्सिसायक्लिनच्या जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देतात, ते पिशवीतील आम्लता घटवून प्रतिजैविकाला प्रभावी करण्यासाठीच. औषधे साधारण वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालतात, कारण ती लवकर थांबवल्यास रोग उलटतो, आणि काही रुग्णांत तो थेट मेंदूत उद्भवतो.