रेतीवरचे बंधारे आणि ब्लाय-खोसला वाद: पार्श्वभूमी

सिव्हिलला इरिगेशनचा पेपर दिलेल्या प्रत्येकाने ब्लाय आणि खोसला (रेतीवरच्या बंधाऱ्याखालून झिरपणाऱ्या पाण्याचा हिशोब करायच्या दोन थिअरी) एकापाठोपाठ पाठ केलेले असतात, पण पहिल्या थिअरीनंतर दुसरी का लागली हे पुस्तकं दोन ओळीत उरकतात, म्हणून हे जरा सविस्तर.

रेतीतून पाणी किती झिरपतं ते सांगणारा डार्सीचा नियम 1856 चा, फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या रिपोर्टमध्ये परिशिष्टात आलेला, तो सगळ्यांना माहीत आहे. पण त्यानंतर चाळीसएक वर्षं बंधारे बांधणाऱ्यांनी त्याचा फारसा उपयोग केलेला दिसत नाही. पंजाब आणि गंगेच्या पट्ट्यात नद्यांना खडकच नाही, खाली नुसती रेती, आणि तिच्यावर वीअर (नदीत आडवे बुटके बंधारे) बांधायचे ते अनुभवाने आणि अंदाजाने. 1895 ला चिनाबवरच्या खानकीला नुकसान झालं, मग रुरकीच्या कॉलेजात खानकीचीच रेती लांब पाईपमध्ये भरून पाणी सोडून प्रयोग झाले. 29 मार्च 1898 ला गंगेवरच्या नरोरा वीअरचा फ्लोअर (तळाची पक्की फरशी) खालून येणाऱ्या पाण्याच्या दाबाने उचलला गेला. पूर नव्हता काही नव्हतं, मार्च महिना, नुसतं वरच्या बाजूला अडवलेलं पाणी.

या सगळ्यातून 1910 च्या सुमाराला ब्लायची क्रीप थिअरी आली. पाणी बांधकामाच्या तळाला चिकटून सरकतं असं धरायचं, त्या वाटेची लांबी मोजायची, हेडने (वरच्या आणि खालच्या बाजूच्या पाण्याच्या पातळीतल्या फरकाने) भागायचं आणि आलेला आकडा रेतीच्या प्रकाराप्रमाणे ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त आला की झालं. भरड रेतीला 12, बारीकला 15. हिशोब सोपा, साईटवर कागदाच्या तुकड्यावर होणारा, त्यामुळे लगेच रुळला. खोट एवढीच की यात आडवा एक मीटर आणि उभा एक मीटर सारखाच धरलाय. म्हणजे शीट पाईल (फ्लोअरखाली जमिनीत उभी ठोकलेली पत्र्याची भिंत) खोल नेण्यापेक्षा फ्लोअर लांब करणं स्वस्त पडत असेल तर डिझायनर तेच करणार, थिअरीच त्याला तसं सांगतेय.

1926-27 च्या आसपास अप्पर चिनाब कॅनॉलवरचे सायफन (एक प्रवाह दुसऱ्याच्या खालून नेणारी बांधकामं) त्रास द्यायला लागले. ब्लायप्रमाणे सगळं ठीक होतं तरी. फ्लोअरमध्ये पाईप बसवून खालचा दाब मोजला तेव्हा तो ब्लायच्या सरळ रेषेत बसेना. टोकाच्या पाईलची बाहेरची बाजू आतल्या बाजूपेक्षा जास्त काम करते आणि आडव्या फ्लोअरचा हिस्सा वाटला होता त्यापेक्षा कमी, असं निघालं. मधली पाईल टोकाच्यांपेक्षा आखूड असेल तर ती जवळजवळ फुकट. आणि रेती वाहून जायला सुरुवात होते ती प्रवाहाच्या खालच्या टोकाला, जिथे पाणी वर निघतं तिथे. तिथला ग्रेडियंट (दर मीटर वाटेला किती मीटर हेड खर्च होतं ते) 1 च्या जवळ गेला की कण उचलले जातात, पाण्यासोबत निघून जातात आणि पोकळी मागे मागे सरकत फ्लोअरखाली शिरते. 1936 ला हे सगळं गणितासकट छापून आलं, तीच खोसलाची थिअरी. (रशियात यातलं बरंच गणित 1922 मध्येच झालं होतं, हे आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतं.)

आता एक उदाहरण घ्या. हेड 4 मीटर, फ्लोअर 32 मीटर, खालच्या टोकाला 4 मीटर पाईल. खोसलाने एक्झिट ग्रेडियंट (म्हणजे पाणी वर निघतं तिथला, जितका कमी तितका सुरक्षित) येतो साधारण 1/6.7. फ्लोअर दुप्पट, 64 मीटर केला तर 1/9. फ्लोअर तेवढाच ठेवून पाईल 8 मीटर केली तर 1/10. म्हणजे 32 मीटर काँक्रीटपेक्षा 4 मीटर पाईल भारी. हेच ब्लायने (पाईलच्या दोन्ही बाजू मोजून) काढलं तर लांब फ्लोअरला 18 येतात आणि खोल पाईलला 12, म्हणजे उत्तर एकदम उलटं. आणि पाईल काढूनच टाकली तर ब्लाय म्हणणार थोडी लांबी कमी झाली, खोसलात मात्र ग्रेडियंट अनंत होतो, म्हणून खालची पाईल हा चॉईसच नाही. माझ्या मते वाद इथेच संपायला हवा होता.

पण संपला नाही. त्याच सुमाराला, 1935 ला, अमेरिकेत दोनशेहून जास्त धरणांच्या माहितीवरून आडव्या लांबीला एक तृतीयांश वजन द्यायचं ठरलं, ती ब्लायचीच डागडुजी. छोट्या कामांना आजही ब्लाय चालवतात.

महाराष्ट्रात बहुतेक मोठी धरणं बेसाल्टवर, त्यामुळे आपल्याकडे प्रश्न रेतीचा कमी आणि अपलिफ्टचा (धरणाला खालून वर ढकलणाऱ्या पाण्याच्या दाबाचा) जास्त. फ्रान्समधलं बूझे धरण 1895 ला फुटल्यावर दगडी धरणात शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाकडे लक्ष गेलं, तरी 1926 ला पूर्ण झालेल्या भंडारदऱ्यात 1969 ला भेगा पडून गळती लागलीच आणि मागून बट्रेस (टेकूच्या भिंती) देऊन धरण सावरावं लागलं. आता ग्राउट कर्टन (पायाच्या भेगांत सिमेंट भरून केलेला पडदा), ड्रेनेज गॅलरी (झिरपलेलं पाणी काढून देणारा बोगदा), पिझोमीटर (आतला पाण्याचा दाब मोजणारी नळी) हे धरूनच चालतात.

खोसलाची मोठी गृहीतं म्हणजे माती सगळीकडे सारखी आणि पाणी आडवं-उभं सारखंच झिरपतं. नदीच्या गाळात मध्ये चिकणमातीचे पट्टे असतात, तिथे आडवं झिरपणं उभ्याच्या कितीतरी पट असू शकतं. पूर्वी इलेक्ट्रिकल मॉडेलवर आणि हाताने फ्लो नेट (झिरपण्याच्या वाटा आणि दाब दाखवणारी रेषांची जाळी) काढून हे बघायचे, आता सॉफ्टवेअर तासाभरात करतं. फक्त त्यात आडव्या-उभ्याचं जे प्रमाण टाकायचं ते बरेचदा साईटवर मोजलेलं नसतं, मागच्या प्रोजेक्टच्या फाईलमधून उचललेलं असतं.