फाइल सर्व्हर आणि कोलॅबोरेशन सर्व्हर : छोट्या कार्यालयाने पैसे कशावर घालावेत?

दहा-पंधरा माणसांचे कार्यालय, मग ते सनदी लेखापालाचे असो, वास्तुविशारदाचे असो किंवा एखाद्या छोट्या प्रकाशनसंस्थेचे, सर्व्हर घ्यायला निघाले की बहुधा दोन वेगळ्या गरजा एकाच कोटेशनमध्ये कोंबल्या जातात. सगळ्यांच्या फाइली एका जागी, नीट अधिकार ठरवून ठेवाव्यात, ही पहिली गरज. बाहेर असलेल्या माणसालाही त्या मिळाव्यात, दोघांनी एकाच मसुद्यावर एका वेळी काम करावे, बैठकांचे कॅलेंडर सामायिक असावे, ही दुसरी. पहिली गरज भागवतो तो फाइल सर्व्हर आणि कमी खर्चात त्यासाठी घ्यायचे सॉफ्टवेअर म्हणजे साम्बा. दुसरी भागवतो तो कोलॅबोरेशन सर्व्हर आणि तिथे सहसा नेक्स्टक्लाउडचे नाव पुढे येते. दोन्ही सॉफ्टवेअर विनाशुल्क मिळतात, दोन्ही लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात आणि दोन्हींत वापरणाऱ्याच्या पडद्यावर शेवटी एक फोल्डरच दिसतो. गल्लत होते ती त्या फोल्डरमुळेच.

साम्बाचे काम अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात 1992 साली सुरू केले. विंडोज संगणक आपसांत फाइली वाटून घेण्यासाठी जी एसएमबी पद्धत वापरतात, तीच लिनक्सच्या यंत्राला बोलता यावी, हेच त्याचे मुख्य काम आहे. नेक्स्टक्लाउड बरेच अलीकडचे. फ्रँक कार्लिचेक यांनी 2010 साली ओनक्लाउड हा प्रकल्प सुरू केला, 2016 मध्ये ते त्यातून बाहेर पडले आणि त्याच कोडवर नेक्स्टक्लाउड उभे राहिले. साम्बा हा कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कचा रहिवासी आहे, तर नेक्स्टक्लाउड मुळातच ब्राउझर आणि इंटरनेट गृहीत धरून बांधलेले आहे.

खरा फरक आहे तो फाइल उघडते कुठे यात. साम्बाच्या शेअरवरची, म्हणजे नेटवर्कवर सामायिक केलेल्या फोल्डरमधली, एक्सेल फाइल कोणी उघडली की ती सर्व्हरवरच राहते आणि आता हिच्यात लिहिण्याचा हक्क या माणसाकडे आहे, अशी नोंद सर्व्हरपाशी होते. त्याच वेळी दुसऱ्याने ती उघडायला घेतली, तर फाइल अमक्याकडे उघडी असल्याचा निरोप येतो आणि त्याला ती फक्त वाचता येते. नेक्स्टक्लाउडचे डेस्कटॉप अ‍ॅप फाइलीची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर उतरवते, तिथल्या प्रतीत बदल झाला की तो वर चढवते आणि इतरांच्या प्रती मागाहून बदलते. एकाच वहीत आळीपाळीने लिहिणे आणि प्रत्येकाने झेरॉक्स घरी नेऊन संध्याकाळी ताळा जुळवणे, असा हा भेद आहे. दोघांनी एकाच दुपारी आपापल्या प्रतीत बदल केले, तर नेक्स्टक्लाउड सर्व्हरवरची फाइल मूळ नावाने ठेवते आणि दुसऱ्याची प्रत 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असे नाव व तारीख जोडून बाजूला काढते. काही हरवत नाही हे खरे, पण दोन याद्यांतल्या ओळी जुळवत बसावे लागते. फाइलीला तात्पुरते कुलूप लावणारे जोड-अ‍ॅप नेक्स्टक्लाउडमध्ये आहे; मात्र ज्याचे इंटरनेट त्या क्षणी बंद आहे, त्याच्यापर्यंत ते कुलूप पोहोचत नाही.

वर्डच्या पत्रांच्या बाबतीत हे चालून जाते, टॅलीच्या डेटाच्या बाबतीत चालत नाही, आणि आपल्याकडच्या छोट्या कार्यालयांसाठी हाच सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे. टॅलीच्या एका कंपनीचा डेटा म्हणजे एक फाइल नसून एकमेकींवर अवलंबून असलेल्या अनेक फाइलींचा फोल्डर असतो आणि व्हाउचर टाकले जात असताना त्यांच्यात सतत लिहिले जात असते. सिंक करणारे, म्हणजे सगळीकडच्या प्रती सारख्या ठेवणारे, अ‍ॅप त्या फाइली एकेक करून वर चढवते. त्यामुळे सर्व्हरवर काही फाइली आत्ताच्या आणि काही दहा मिनिटांपूर्वीच्या, अशी अवस्था सहज येते आणि तोच फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरला की डेटा बिघडतो. इथे 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी'चा काही उपयोग नाही, कारण त्या फाइली हाताने जुळवण्यासारख्या नसतात. अनेकांनी वापरण्याचा परवाना असलेली टॅली लॅनवरच्या, म्हणजे कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कवरच्या, सामायिक डेटावर चालते, आणि त्यासाठी साम्बाचा शेअर हीच योग्य जागा आहे. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचे डेटाबेस आणि अशाच रीतीने चालणारी जुनी हिशोबाची सॉफ्टवेअरे यांनाही हेच लागू पडते. प्रकाशनाच्या कामात पानांची मांडणी करणारे इनडिझाइन आपल्या चित्रांचे पत्ते ड्राइव्ह आणि फोल्डरच्या मार्गासकट लक्षात ठेवते. सगळ्यांकडे तो शेअर एकाच अक्षराच्या ड्राइव्हवर जोडलेला असेल, तर कोणाच्याही टेबलावर पान उघडले तरी चित्रे जागेवर सापडतात.

मोठ्या फाइलींच्या बाबतीत वेगाचाही प्रश्न येतो. गिगाबिट लॅनवर सेकंदाला साधारण 110 मेगाबाइट मिळतात, म्हणजे 2 जीबीची फाइल वीसेक सेकंदांत जाते. तीच फाइल इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर 50 एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला पाच मिनिटांहून जास्त लागतात. मात्र जुना 100 एमबीपीएसचा स्विच कोपऱ्यात तसाच राहिला असेल, तर लॅनवरही तीन मिनिटे जातात. नवा सर्व्हर मंद आहे या तक्रारीचे मूळ कित्येकदा त्या स्विचमध्ये सापडते.

याच्या उलट, नेक्स्टक्लाउडचे काही उपयोग असे आहेत की साम्बाकडून त्यांची अपेक्षाच धरू नये. कोलाबोरा किंवा ओन्लीऑफिस हे ब्राउझरमधले ऑफिस सॉफ्टवेअर जोडले की तोच मसुदा दोघे-तिघे ब्राउझरमध्ये एकाच वेळी संपादित करू शकतात. कॅलेंडर आणि संपर्क मोबाइलवर येतात. फाइलीची लिंक पासवर्ड आणि मुदत घालून बाहेरच्या माणसाला देता येते. लेखापालांच्या कार्यालयाला सगळ्यांत जास्त उपयोगाची वाटावी अशी सोय म्हणजे फक्त अपलोड करू देणारी लिंक: विवरणपत्रांच्या हंगामात अशिलाला ती पाठवली, की तो आपला फॉर्म 16 आणि बँकेची पत्रके तिथे टाकतो, पण आत दुसऱ्या कोणाचे काय आहे ते त्याला दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कागदपत्रे कोणाच्या फोनमध्ये आहेत याची शोधाशोध ज्यांनी केली आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. नेक्स्टक्लाउड टॉकवरच्या व्हिडिओ बैठकीच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. चित्रे वाटून देणारा वेगळा सर्व्हर (बॅकएंड) नसेल तर प्रत्येकाचे चित्र इतर प्रत्येकाकडे थेट जाते, त्यामुळे माणसे चार-पाचांवर गेली की साधे ब्रॉडबँड धापा टाकू लागते.

मराठी फाइलनावांची एक अडचण दोन्हींना समान आहे. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी4 फाइलव्यवस्थेत एका नावाला 255 बाइटची मर्यादा असते आणि अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. काना, वेलांटी आणि हलन्त ही वेगळी चिन्हे धरली जातात. 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' एवढ्या चार शब्दांतच 93 बाइट संपतात. विंडोजवर ही मर्यादा बाइटांत नसून चिन्हांत मोजली जाते, म्हणून तिथे वर्षानुवर्षे बिनतक्रार नांदलेले संस्थेचे नाव, विषय आणि तारीख असलेले लांबलचक नाव सर्व्हरवर गेल्यावर अडते. साम्बावर कॉपी करतानाच त्रुटी दिसते, तर नेक्स्टक्लाउडमध्ये ती फाइल न गेलेल्या फाइलींच्या यादीत मुकाट पडून राहते, आणि ती यादी सहसा कोणी उघडत नाही. काही तयार एनएएस यंत्रांवर (नेटवर्कला जोडायच्या डिस्कपेट्यांवर) फोल्डर एन्क्रिप्ट केला की ही मर्यादा 143 बाइटपर्यंत खाली येते.

आता बाहेरून वापरण्याचा प्रश्न. साम्बाचे 445 क्रमांकाचे पोर्ट (ज्या दाराने त्याच्या फाइली ये-जा करतात ते) राउटरवर इंटरनेटसाठी उघडू नये, यात वादाला जागा नाही. मे 2017 मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने) विंडोजच्या एसएमबी 1 या जुन्या आवृत्तीमधल्या दोषाचाच फायदा घेतला होता आणि त्याच महिन्यात साम्बातही बाहेरून कोड चालवू देणारा एक गंभीर दोष उघड झाला. साम्बाच्या नव्या आवृत्त्यांत एसएमबी 1 मुळातच बंद असते; पण कार्यालयातले जुने झेरॉक्स-स्कॅनर यंत्र फोल्डरमध्ये स्कॅन टाकण्यासाठी तेवढीच भाषा जाणते, आणि मग त्या एका यंत्राखातर ती पद्धत सर्व्हरवर पुन्हा चालू केली जाते. त्याऐवजी यंत्राला ईमेलने स्कॅन पाठवायला लावावे. बिनपासवर्डाच्या शेअरचेही दिवस सरले आहेत. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रो संगणक तसा शेअर आपणहून उघडत नाहीत.

बाहेरच्या एक-दोन माणसांपुरते वायरगार्डसारखे व्हीपीएन (इंटरनेटमधून कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा) लावून साम्बा वापरता येते, मात्र मोठ्या फोल्डरची नुसती यादी यायलाही वेळ लागतो. नेक्स्टक्लाउड वेबच्या सुरक्षित एचटीटीपीएस पद्धतीवर चालते, त्यासाठी लागणारे लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र फुकट मिळते, म्हणून ते बाहेर उघडे ठेवणे त्यामानाने सोपे. पण कार्यालयातल्या यंत्रावर ते बसवण्याआधी राउटरच्या पानावर आपला वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा आयपी पत्ता, पाहावा. तो 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर सेवादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून आत थेट येणे शक्य नाही. मग स्टॅटिक आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या स्वतंत्र सार्वजनिक पत्त्याचे, जादा पैसे भरावे लागतात, नाहीतर नेक्स्टक्लाउड भाड्याच्या व्हीपीएसवर, म्हणजे डेटा सेंटरमधल्या आभासी सर्व्हरवर, ठेवावे लागते. पंचवीस-तीस जीबीच्या दस्तऐवजांसाठी व्हीपीएस परवडतो. काही टीबी आराखडे आणि छायाचित्रांसाठी तो महिन्याचा भुर्दंड होतो.

यंत्राचा खर्च दोन्हींत फार वेगळा नाही. नूतनीकरण केलेला जुना ऑफिस डेस्कटॉप, 8 जीबी रॅम, लिनक्ससाठी छोटी एसएसडी आणि फाइलींसाठी एकमेकींचे प्रतिबिंब ठेवणाऱ्या दोन हार्ड डिस्क एवढ्यावर दहा-पंधरा माणसांचा साम्बा निवांत चालतो. नेक्स्टक्लाउडही चालते, मात्र कोलाबोरा जोडला की रॅम पुरी कामाला लागते. सरासरी 30 वॉट धरले तर वर्षाला सुमारे 260 युनिट वीज. पैसे उरले तर ते प्रोसेसरवर न घालता यूपीएसवर घालावेत, आणि तोही यूएसबीने जोडता येणारा, म्हणजे वीज जाऊन बॅटरी उतरत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल. कोपऱ्यातला एखादा साधा विंडोज संगणकच शेअरसाठी वापरायचा बेत असेल, तर त्याला एका वेळी वीसच जोडण्या घेता येतात, आणि विंडोज सर्व्हर घेतला तर सहसा माणसागणिक किंवा यंत्रागणिक परवाना लागतो.

खरी तफावत पडते ती देखभालीत. डेबियन या लिनक्सवर बसवलेला साम्बा सुरक्षेचे अपडेट आपोआप घेत वर्षानुवर्षे चालतो. नेक्स्टक्लाउडला मात्र वेब सर्व्हर, पीएचपी ही भाषा, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस हा डेटाबेस, रेडिस ही वेगवान तात्पुरती साठवण आणि दर पाच मिनिटांनी ठरलेली कामे उरकणारे क्रॉन, असा सगळा संसार लागतो. त्याच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण वर्षभरच सुरक्षा-अपडेट मिळतात आणि नव्या आवृत्तीवर जाताना मधली गाळता येत नाही. दोन वर्षे दुर्लक्ष झाले की पाच-सहा पायऱ्या एकेक करून चढाव्या लागतात. हे करणारा माणूस कार्यालयात नसेल आणि बाहेरच्याला त्यासाठी वार्षिक करार द्यायची तयारीही नसेल, तर नेक्स्टक्लाउड बसवू नये, असे मला स्पष्टपणे वाटते. सगळी माणसे एकाच जागी बसत असतील, तर आधी साम्बाच घ्यावा. निम्मी माणसे साइटवर किंवा अशिलांकडे असतात, तिथेच नेक्स्टक्लाउडचा विचार सुरू करावा.

दोन्ही एका यंत्रावर नांदू शकतात, फक्त त्यांच्या फोल्डरांची सरमिसळ करू नये. नेक्स्टक्लाउडचा डेटा फोल्डरच साम्बाने शेअर करायची युक्ती अनेकांना सुचते. पण नेक्स्टक्लाउड फाइलींची यादी आपल्या डेटाबेसमध्ये ठेवते, त्यामुळे मागच्या दाराने टाकलेली फाइल पुन्हा स्कॅन केल्याशिवाय तिथे दिसतच नाही. साम्बाचा शेअर आपल्या जागी ठेवावा आणि त्यातला जो भाग बाहेर हवा आहे तेवढाच 'एक्स्टर्नल स्टोरेज' म्हणून नेक्स्टक्लाउडला जोडावा. टॅलीचा फोल्डर त्यात घेऊ नये.

बॅकअपची जबाबदारी दोन्हींपैकी कोणीच आपणहून घेत नाही. रॅन्समवेअरने फाइली खराब केल्या, तर प्रतिबिंब ठेवणाऱ्या जोडडिस्कवर त्या तत्क्षणी खराब होतात आणि सिंक त्या इमानाने सगळीकडे पोहोचवते. साम्बाचा बॅकअप म्हणजे फोल्डरची रोजची प्रत. ती डिस्क कोणत्याही लिनक्स यंत्राला लावली की फाइली वाचता येतात. नेक्स्टक्लाउडमध्ये डेटा, कॉन्फिग (सेटिंग्जच्या नोंदी) आणि डेटाबेस या तिन्हींची प्रत एकाच क्षणाची असावी लागते, म्हणून तेवढा वेळ सगळ्यांचा वापर थांबवणारा मेंटेनन्स मोड चालू करावा लागतो. डेटाबेस गेला तर फाइली सहसा वाचतात, पण कॅलेंडर, शेअरिंग आणि कोणाला कशाचे अधिकार होते हे सगळे जाते. कार्यालय कंपनी म्हणून नोंदलेले असेल तर आणखी एक बंधन आहे: ऑगस्ट 2022 मध्ये सुधारलेल्या कंपनी लेखा नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशोबपुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो, त्यामुळे व्हीपीएस घेताना त्याचे डेटा सेंटर मुंबईत आहे की फ्रँकफुर्टमध्ये, हे भाड्याच्या आधी पाहावे.