पॉवरलाइन नेटवर्किंग

घरात विजेसाठी टाकलेल्या तारांवरूनच संगणकांमधली माहिती वाहून नेण्याची पद्धत. राउटरशेजारच्या सॉकेटमध्ये एक अडॅप्टर लावून तो लॅन केबलने राउटरला जोडतात. दुसरा अडॅप्टर लांबच्या खोलीत लावून त्याला संगणक किंवा टीव्ही जोडतात. मधली तार भिंतीत आधीपासून असतेच. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून किंवा स्लॅबपलीकडे वाय-फाय नीट पोचत नाही आणि नवी केबल ओढायला भिंत फोडायची नसते, तिथे हा मार्ग कामाचा ठरतो.

भारतात घरगुती वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची असते. होमप्लग एव्ही या प्रचलित मानकाचे अडॅप्टर त्याच तारेवर साधारण 2 ते 28 मेगाहर्ट्झमधले अत्यंत क्षीण संकेत चढवतात. वारंवारतांमध्ये एवढे अंतर असल्याने अडॅप्टरमधला फिल्टर विजेला अडवून फक्त संकेत आत घेऊ शकतो.

खरी अडचण तारेवरच्या गोंगाटाची आहे. मिक्सर सुरू झाला की मोटरच्या ब्रशपाशी ठिणग्या उडतात आणि त्यांचा खरखराट सगळ्या वायरिंगभर पसरतो. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांचीही त्यात भर पडते. शिवाय स्विचबोर्डाकडे जाणाऱ्या प्रत्येक फाट्यावरून संकेत काही अंशी परततो, आणि मूळ व परतलेली लहर एकमेकींना छेदल्या की काही वारंवारता जवळजवळ नाहीशा होतात. म्हणून माहिती एकाच लहरीवर न लादता शेकडो वाहक लहरींवर विभागतात. होमप्लग एव्हीत त्या नऊशेहून अधिक असतात. कोणती लहर किती भार पेलेल हे अडॅप्टर सतत मोजत राहतात. बिघडलेल्या लहरींवर थोडी माहिती घालतात किंवा त्या सोडूनच देतात. विजेच्या प्रत्येक आवर्तनात गोंगाट ठराविक क्षणी वाढतो, हे हेरून आवर्तनाच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगळी मोजमापेही ठेवली जातात. या तंत्राचे सगळे कौशल्य इथे आहे.

वीजतारांवरून घरातली उपकरणे हाताळणारी एक्स-10 प्रणाली स्कॉटलंडमध्ये 1975 मध्ये तयार झाली. तिच्यात दिवा लावण्या-विझवण्यासारखे साधेच आदेश जात. संगणकांसाठी होमप्लग 1.0 हे मानक 2001 मध्ये आले, वेग सेकंदाला 14 मेगाबिट. 2005 च्या होमप्लग एव्हीने तो 200 वर नेला. 2010 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे पॉवरलाइनसाठीचे 1901 हे मानक मंजूर झाले. पुढच्या एव्ही-2 मध्ये 86 मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा आणि फेज-न्यूट्रलच्या जोडीला अर्थिंगची तारही वापरता येऊ लागली. अर्थात घरात अर्थिंग धड असेल तरच तिचा लाभ मिळतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे जी.एचएन हे वेगळे मानक आहे. होमप्लगचा एक आणि जी.एचएनचा एक अडॅप्टर घेतला तर ते एकमेकांशी बोलत नाहीत.

खोक्यावर छापलेल्या वेगावर विसंबून खरेदी करू नये. तो आकडा आदर्श स्थितीतला, तारेवरचा कच्चा वेग असतो. तार सगळ्या अडॅप्टरांना सामाईक असल्याने एका वेळी एकच बोलू शकतो, आणि प्रत्यक्ष वेग छापील आकड्याच्या निम्म्याहूनही बराच खाली येतो. ‘500’ लिहिलेल्या कित्येक अडॅप्टरांचे लॅन पोर्टच 100 मेगाबिटचे असते.

अडॅप्टर थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावावा. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड अनेकदा गोंगाटाबरोबर संकेतही गिळतो. थ्री-फेज जोडणीच्या घरात दोन अडॅप्टर वेगवेगळ्या फेजवर आले तर संपर्क क्षीण होतो, कधी तुटतोच. एकाच इमारतीत मात्र संकेत मीटर ओलांडून शेजारच्या फ्लॅटमध्ये जाऊ शकतो. होमप्लग एव्हीत 128 बिटांचे एईएस कूटलेखन असते, पण मूळ पासवर्ड सगळ्या अडॅप्टरांत सारखाच असू शकतो. तेव्हा जोडणीचे बटण दाबून स्वतःची किल्ली तयार करणे आवश्यक आहे.

भिंतीतल्या तारा अँटेनासारख्या वागून लघुलहरी रेडिओत व्यत्यय आणतात. हौशी रेडिओचालकांची ही तक्रार रास्त आहे, आणि म्हणूनच त्यांच्या पट्ट्यांतल्या वाहक लहरी अडॅप्टरमध्ये बंद ठेवल्या जातात.

वाय-फाय मेश, म्हणजे घरभर ठेवलेल्या अनेक वाय-फाय यंत्रांचे एकत्रित जाळे, स्वस्त झाल्यावर पॉवरलाइनचा घरगुती वापर आटला. याच कुळातले होमप्लग ग्रीन पीएचवाय मात्र विजेरी मोटारींच्या जलद चार्जिंगमध्ये स्थिरावले आहे. भारतात रूढ असलेल्या सीसीएस-2 चार्जरमध्ये गाडी आणि चार्जर यांचा संवाद प्लगमधल्या कंट्रोल पायलट तारेवरून याच तंत्राने होतो.